‘पडवी’ बोर्डाच्या संस्थापकाचा सत्कार

मुलुंड पूर्व,
रविवार

ती. वहिनी,

राजेशचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात समज, कंबर धरली आहे). दादांचे गुडघे, तुझं बीपी आणि देवेशची नवी नोकरी ही तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो. तू मोबाइल पिशवीत बंद करून ठेवतेस, आणि मुलुंडहून बोरिवलीला येऊन नुसता चहा पिऊन परतायचं तरी सुट्टीचा अख्खा दिवस जातो, म्हणून हे पत्र.

बातमी अशी की तुझ्या दिराचा सत्कार व्हायचं घाटतंय. हसू नकोस. इंटरनेट घरोघरी यायच्या आधी मुंबईत ज्यांनी फोनच्या लाइनवर बुलेटिन बोर्ड चालवली, त्यांना हुडकून शाल-श्रीफळ द्यायचं उपनगरातल्या काही उत्साही मंडळींनी ठरवलंय. त्यांचा आकाश नावाचा सेक्रेटरी घरी येऊन गेला. या लोकांची कोणी दखलच घेतली नाही, असं त्याचं म्हणणं. मी गंभीरपणे मान डोलावली. माझंही कित्येक वर्षं हेच म्हणणं आहे, पण घरात ऐकतं कोण.

तू त्या मशीनचा छळ सोसलास, पण ते नेमकं काय होतं हे मी तुला कधी सांगितलं नाही (तू विचारलंही नाहीस). माझ्या कॉम्प्युटरला मॉडेम नावाच्या डबीने आपली फोनची लाइन जोडलेली असायची. लोक आपापल्या कॉम्प्युटरवरून आपला नंबर फिरवायचे, आत येऊन निरोप वाचायचे, स्वतःचे लिहून ठेवायचे आणि निघून जायचे. येणारा-जाणारा घटकाभर टेकतो तसंच हे, म्हणून मी बोर्डाला नाव दिलं ‘पडवी’. फोन घरात एकच. त्यामुळे आधी साधा फोन करायचा, घरच्यांनी उचलून मशीन चालू करायचं आणि मग आत शिरायचं, असा नियम मीच केला होता. मी दिवसभर कॉलेजात (कॉलेज नसलं की कॅरमवर), तेव्हा घरचे म्हणजे तू. भाकऱ्या थापता थापता ‘वायच थांबा, मशीन लावतंय’ म्हणायचीस. एकदा घाईत पलीकडे कोण आहे ते न ऐकताच गावाहून आलेल्या तुझ्या आईच्या फोनला मशीन लावलंस, आणि मॉडेमचं किंचाळणं ऐकून मुलुंडच्या पोरांनी घरात कसलंसं जनावर पाळलंय असं तिने अख्ख्या वाडीला सांगितलं.

तर समितीची अट अशी, की बोर्ड खरोखर होतं हे जुन्या सभासदांनी सर्वांसमोर सांगायचं. मशीन दादांनी भंगारात घातलेलं, त्यामुळे दुसरा पुरावाही नव्हता. वाकोल्याचा भीमराज तुला आठवत असेल. आठवला नाही तरी आवाज ओळखशील. आता तो बँकेत मोठा साहेब आहे. त्याने खटपट करून बरीच मंडळी गोळा केली आणि गेल्या शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सभा भरली. मी नवा शर्ट घातला. चार शब्द बोलावे लागतील म्हणून भाषणही पाठ केलं (विनम्र होतं, पण लांब).

पहिला भीमराज उठला. म्हणाला, मी इंजिनिअरिंगला नापास झालो तेव्हा कॉलेज सोडतोय असा निरोप बोर्डावर लिहायला फोन केला होता. पलीकडून वहिनींनी विचारलं, ‘आवाज असो कित्याक रे? जेवलंस काय? आदी जेव, मगे लावतंय.’ तो जेवला आणि त्याला झोप लागली. तो निरोप त्याने कधी लिहिलाच नाही. हे सांगताना एवढा मोठा साहेब चष्मा पुसायला लागला. मग एकेक जण उठला आणि प्रत्येकाने तुझंच काहीतरी सांगितलं. कोणाला तू नोकरीच्या मुलाखतीआधी धीर दिला होतास, कोणाला सर्दीवर काढा सांगितला होतास. एकाने मला विचारलं, तुम्ही त्यांचे चिरंजीव का? बोर्डावर दर आठवड्याला मी लिहायचो ते तांत्रिक लेख एकालाच आठवत होते, आणि तेही तो वाचत नसे हे आठवत होतं. भाषणाचं कोणी नाव काढलं नाही.

वहिनी, खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. रात्रंदिवस त्या मशीनशी झटलो तो मी. घरी येताना अभिमानही वाटला, पण वाईट आधी वाटलं. हे सगळं तू त्या पोरांशी बोलत होतीस हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तू नुसतं बटण दाबतेस.

दादांना नमस्कार, देवेशला आशीर्वाद.

तुझा धाकटा दीर,
राजेश

ता. क. – सोबत पत्रिका जोडली आहे. चष्मा लावून बघ, सत्कारमूर्ती म्हणून तुझंच नाव छापलंय. समितीने एकमताने ठरवलं. माझं नाव खाली ‘सहकार्य’मध्ये आहे, लाउडस्पीकरवाल्याच्या शेजारी. आता नाही म्हणू नकोस, भीमराज गाडी घेऊन तुला न्यायला येतोय.

आणखी एक. पहिल्या रांगेत सत्कारमूर्तीसोबत घरच्या एकाच माणसाला बसता येईल, असं आकाश म्हणाला. दादा अशा कार्यक्रमांत घोरतात आणि देवेशला रजा मिळणार नाही. मी तसा मोकळा आहे. तू बोलावलंस तर येईनच. नाही बोलावलंस तरी येणार आहे, पण मग मागे उभं राहावं लागेल.