रियाजाला चालेल असं घर

प्रिय गाणाऱ्या बाईंना बेसूर नवऱ्याचा नमस्कार,

या नव्या शहरात मी बरा आहे. भात आता करपत नाही.

फोनवर तू विचारलंस, "तिकडे माझ्या रियाजाचं काय?" म्हणून शनिवारी घरं बघायला निघताना ठरवलं, की प्रत्येक रिकाम्या खोलीत मोठ्याने गाऊन बघायचं. एजंटला वाटलं, माझं डोकं फिरलंय.

ऑफिसजवळची वस्ती चकचकीत आहे, आपली माणसंही तिथे पुष्कळ. पण माझी दुसरी ओळ संपायच्या आत शेजाऱ्याने भिंत ठोकली. म्हटलं, राहू दे.

दुसरी वस्ती लांब आहे. बस बदलावी लागते, जिना अरुंद, खाली सायकली दुरुस्त करणाऱ्याची दिवसभर ठाकठूक. तिथे मी तान घेतली, म्हणजे घ्यायला गेलो, आणि दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या आजी होत्या. मी माफी मागणार तोच म्हणाल्या, "खिडकी उघडून गा. मला कमी ऐकू येतं."

मी सांगितलं, खरी गाणारी माझी बायको आहे.

तेच घर घेतलं. तानपुऱ्यासाठी खिडकीजवळचा कोपरा मोकळा ठेवलाय, तिथे मी पिशवीसुद्धा टेकवत नाही. संध्याकाळी मात्र घर जरा जास्तच शांत वाटतं.

आईचा गुडघा कसा आहे? लेकीचा हलणारा दात पडला का?

काल आजी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "ती कधी येणार?" मी म्हटलं, विचारून सांगतो.

तर विचारतोय.

तुझाच