बाबांच्या पेनाचा मुलामा

२ एप्रिल १९७४, अनसिंग
बाबांचा पेन आजपासून माझ्याकडे. माय म्हणाली, ते गेल्यानंतरची पहिलीच अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आहे, पितरांच्या घागरीजवळ ठेवायचा आहे, सांभाळून ठेव. पेनाची दशा पाहवत नाही. अंगठ्याच्या जागी क्लिपचा सोनेरी मुलामा उडून पितळ उघडं पडलंय. काळी दांडी तपकिरी झालीय. मागच्या टोकाला दातांच्या खुणा. पितरांपुढे अशी वस्तू ठेवणं बरं नाही. संकल्प : अखजीपूर्वी पेन नव्यासारखा करणे.

४ एप्रिल
शाळेत पेन वापरून पाहिला. निब बाबांच्या तिरक्या हाताने झिजलेली. सरळ धरला की खरडतो, तिरका धरला की सुरळीत चालतो, पण अक्षर बाबांचं येतं. हजेरीत 'हजर' लिहिलं आणि दचकलो. तेही मास्तरच होते. मी बी.एस्सी. आहे, असल्या गोष्टी मानत नाही. पेन कपाटात ठेवला.

७ एप्रिल
कपाट उघडलं की तंबाखूचा वास. बाबांना जाऊन दहा महिने झाले. सौ. म्हणते, वास पेनाला आहे. मी म्हटलं, तेच तर.
क्लिप ब्रासोने घासली. उरलासुरला मुलामाही निघाला. प्रगती आहे. निदान रंग आता सगळीकडे सारखा.

११ एप्रिल
पॉलिश पेपरने दांडी घासली. दातांच्या खुणा खोल. माझे पेपर तपासतानासुद्धा चावत असतील. घासता घासता मनात आलं, आपण नेमकं काय पुसतोय? प्रश्न रास्त आहे. उन्हाळी सुट्टीत विचार करीन.

१५ एप्रिल
निब सहाणेवर घासून सरळ केली. पेन साबणाच्या पाण्यात बुडवला. वाशीमला उकंडराव सोनारांकडून मुलामा चढवून आणला. म्हणाले, "मास्तर, नवरदेवाच्या खिशाले शोभन."
कपाट उघडलं, तंबाखूचा वास नाही. मुद्दाम दोनदा उघडून पाहिलं. काहीच नाही.

अखजी, दुपार
मायने घागर पुजली, पेन मागितला. मी ऐटीत दिला. तिने टोकावर अंगठा फिरवला आणि परत केला. "हा त्याईचा नाही. त्याईचा आण."
हाच आहे, फक्त साफ केला, असं सांगितलं.
"मंग दात कुठी गेले त्याईचे?"
पान वाढलेलं, पण ती बसेना. मी आतल्या खोलीत गेलो, पेन दातात धरला आणि जोर लावून चावला. सौ.ने पाहिलं. पेन पुन्हा मायच्या हातात दिला. ती बराच वेळ चाचपत होती.
"हे तं तुये दात हायेत गा. त्याईले समोरचा दातच नव्हता."
रागावली नाही. पेन माझ्या खिशाला लावला, घागरीजवळ त्यांची तंबाखूची डबी ठेवली आणि जेवायला बसली.

संध्याकाळ
पेन तिरका धरून 'हजर' लिहिलं. आणखी तिरका धरून लिहिलं. पानभर लिहिलं.
अक्षर माझंच येतं.