सकाळी अकराची स्कॉच

३ ऑक्टोबर, शनिवार

ठरलं! पुढच्या शनिवारी आमच्याकडे स्कॉच. पाच बाटल्या, नावं झाकलेली, कुठली कुठली ते नुसतं चाखून ओळखायचं. वकिलाला फोन केला तर म्हणाला, मी डोळे मिटून सांगतो. म्हटलं, ये तर मग, सकाळी अकराला. तो ओरडला, सकाळी? शेजारीपाजारी काय म्हणतील?

म्हणोत. एकतीस वर्षं चहाच्या कंपनीत चाखणारा आहे मी. दिवसाला दोनशे कप — भुरका मारायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा, पुढचा. नाक सकाळी जागं असतं, जेवण झालं की सुस्तावतं. माझ्या घरी चाखायचं तर माझ्या पद्धतीने.

खरं कारण फक्त हिला माहीत. जूनमधल्या तापात माझं नाक गेलं. साबण, रॉकेल, करपलेलं दूध — सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही. साहेबांनी चार महिने सांभाळून घेतलं. आता म्हणतात, एक नोव्हेंबरला एक तर टेबलावर परत या, नाही तर गोदामात नोंदी ठेवा, निर्णय तुमचा. माझ्या मते नाक परत आलंय. पण 'माझ्या मते' म्हणून मी आजवर कुणाचा चहा पास केलेला नाही! चहावर परीक्षा घेण्यात अर्थ नाही, तो मी पान बघूनच सांगेन. स्कॉचमध्ये मी कोरा. पाचपैकी चार आले तर टेबल. नाही तर गोदाम.

५ ऑक्टोबर, सोमवार

बाटल्या आणल्या. धुराच्या वासाची मुद्दाम घेतली नाही, ती तर सर्दी झालेलाही ओळखेल. पाचही एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा. दोन तास एकेक हुंगत बसलो आणि नावं ठेवली. नाशपातीची, मधाची, ओल्या गवताची, बिस्किटाची, लाकडाची. ही म्हणाली, बारसं झालं का? घुगऱ्या वाटू का?

पण वास आले. पाच वेगळे वास! बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो, डोळे भरले होते.

७ ऑक्टोबर, बुधवार

हिने माझे डोळे बांधून एक कप दिला. नाशपाती. बरोबर!

९ ऑक्टोबर, शुक्रवार

तिघांना नियम कळवले. अत्तर नको, दाढीनंतर काही चोपडायचं नाही, सकाळी कांदा-लसूण नाही. कागदावर लिहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि घोट थुंकायचा.

शेवटच्या नियमावर बंड! आमची दातांची डॉक्टरीण — दिवसभर लोकांना थुंका थुंका सांगते — ती म्हणाली, बाकी सगळं मान्य, स्कॉच मी थुंकणार नाही. मास्तर (गणिताचे, निवृत्त) म्हणाले, थुंकायचीच असेल तर मला घरीच राहू द्या. शेवटी तडजोड केली. पहिला घोट थुंकायचा, दुसऱ्याचं ज्याचं त्याने बघावं.

ऑफिसातून पाच पांढऱ्या किटल्या आणल्या, झाकणांसकट. रंग दिसू नये म्हणून आतून काळे असलेले कप. वकिलाने असली तयारी जन्मात पाहिली नसेल. उद्या बघेल.

१० ऑक्टोबर, शनिवार

आधी कार्यक्रमाबद्दल लिहितो, कारण कार्यक्रम देखणा झाला. कुणी काही म्हणो.

दहा वाजता ही एकटी बैठकीच्या खोलीत गेली. खिडकीकडून उभं राहून तिने पाच किटल्या भरल्या, ओळीने मांडल्या, कुठली कितवी ते कागदावर लिहून कागद घडी घालून ठेवला. ती बाहेर आली, मी आत. नंबरांच्या चिठ्ठ्या मी लावल्या, एक ते पाच. म्हणजे भरणाऱ्याने नंबर लावले नाहीत आणि लावणाऱ्याने भरताना पाहिलं नाही. बँकेतसुद्धा एवढी खबरदारी घेत नसतील!

अकराच्या ठोक्याला तिघं हजर. वकील सुटात. खिडक्या उघड्या, टेबलावर पांढरी चादर, मध्ये कोमट पाणी आणि साधा पाव. खोलीत पाऊल टाकलं आणि तिघं आपोआप हळू बोलायला लागले. मला छाती फुगल्यासारखं झालं, खोटं कशाला लिहू. मी पहिला भुरका मारला — आमच्या टेबलावरचा, खणखणीत — तर मास्तर दचकून मागे सरकले. मग सगळ्यांनी तसाच मारायचा प्रयत्न केला. डॉक्टरीणबाईंच्या नाकात गेली. वकिलाच्या टायवर सांडली. पण अर्धा तास कुणी शब्द बोललं नाही. हे लोक लग्नाच्या पंगतीत, सिनेमात कधी गप्प बसलेले नाहीत, माझ्या टेबलावर बसले.

मी पटापट लिहिलं. खोडाखोड नाही. पहिली नाशपाती, दुसरी मध, तिसरी लाकूड, चौथी गवत, पाचवी बिस्किट. इतकी खात्री मला तापाच्या आधीसुद्धा क्वचित असायची.

हिचा कागद वकिलाने हातात घेतला, गुण मोजायचा मान त्यालाच पाहिजे होता. वकील तीन. डॉक्टरीण दोन. मास्तर शून्य.

मी एक. नुसती तिसरी बरोबर.

वकील उठून दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार करायला लागला. मला म्हणाला, एकतीस वर्षं काय उकळत होतास रे? सगळे हसले. मीही हसलो. हसलो आणि सगळ्यांना कप भरून दिले, बाटल्यांच्या गोष्टी सांगितल्या, डॉक्टरीणबाईंना गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सोडून आलो. यजमानाचं तोंड पडलेलं कुणाला दिसलं नाही. ही मात्र स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती.

मागाहून म्हणाली, "अहो, खेळ होता तो. परत करू. मी भरते."

मी म्हटलं, नाही. आवडतं उत्तर येईपर्यंत परत परत चाखायचं नसतं. एकदा घोट, एकदा शेरा. चुलतभावाचा चहा मी नापास केला होता, तेव्हा त्यालाही दुसरा कप लावू दिला नव्हता.

११ ऑक्टोबर, रविवार

बाटल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या. झाकण काढावंसं वाटलं नाही.

१२ ऑक्टोबर, सोमवार

साहेबांना पत्र दिलं. एक तारखेपासून गोदाम. ते म्हणाले, घाई करताय का? म्हटलं, मी घाईत कधी शेरा मारलेला नाही.

माझ्या जागी बसेल ती मीच तयार केलेली. सहा वर्षांपूर्वी आली तेव्हा चहा आणि काढा यातला फरक तिला कळत नव्हता, आता माझ्या आधी सांगते. तिला बातमी दिली तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, मला अजून येत नाही हो सगळं. मी सांगितलं, येतं. आणि मी असं कुणालाही सांगत नाही हे तिला ठाऊक आहे.

परतताना ताठ चालत आलो. एकतीस वर्षांत भिडेखातर एक कप पास केला नाही, शेवटचा माझाच होता, तोही केला नाही. याचा मला अभिमान आहे. लिहून ठेवतो, कारण आत्ता तो फारसा उपयोगी पडत नाहीये.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

गोदाम बघून आलो. टेबल, खुर्ची, तीन रजिस्टरं. खिडकी आहे. ही विचारते, जेवण बरं झालंय का. मी हो म्हणतो. छान झालेलं असतं, पण मला खरंच छान लागतंय की वाटतंय, कोण जाणे. स्वतःच्या जिभेवर विश्वास नसला की घास उगाच मोठा होतो.

१८ ऑक्टोबर, रविवार

मास्तर सकाळी अकराला दारात! उरलेल्या स्कॉचची विचारपूस करायला, थुंकायची अट नसेल तर. बाटली न बघता हाताला आली ती काढली, बूच उघडलं — नाशपाती. लेबल बघितलं — नाशपातीचीच. दुसरी डोळे मिटून उघडली. मध. पाचही. पाचही बरोबर! मास्तरांना सगळं सांगितलं, ताप, पत्र, गोदाम, सगळं.

त्यांनी विचारलं, त्या दिवशी तुमची बरोबर आलेली कुठली? मी म्हटलं, तिसरी, मधली. मास्तर स्वयंपाकघराकडे वळून, "वहिनी, किटल्या मांडल्यात तेव्हा तुम्ही कुठे उभ्या होतात?"

"खिडकीकडे. माझ्या डावीकडून लिहिल्या ओळीने."

मी चिठ्ठ्या दाराकडून लावल्या. माझ्या डावीकडून. ऑफिसात आम्ही सगळे टेबलाच्या एकाच बाजूला उभे राहतो, पलीकडून ओळ उलटी होते हे माझ्या एकतीस वर्षांत ध्यानातच आलं नव्हतं.

"ओळ उलटी केली तरी मधली हलत नाही हो," मास्तर म्हणाले. "पाचपैकी पाच आहेत तुमचे."

ही रडायला लागली. मीही रडलो, मास्तरांदेखत. उद्या साडेसातला साहेबांच्या दारात उभा राहणार. एक तारखेला चौदा दिवस आहेत. चूक नाकाची नव्हती, चिठ्ठ्यांची होती, आणि चिठ्ठ्या मी लावल्या होत्या, हे मी स्वतः सांगणार. माझ्या जागी बसायची तयारी करतेय तिला काय सांगू, ते अजून ठरत नाही.