मस्कतच्या बाजाराचा अभ्यास, मुक्काम रावेर

आदरणीय असलम मामू यांस,

रावेरहून अल्तमशचा सलाम. तुमचा डावा गुडघा (मागच्या पत्रात मी उजवा लिहिला होता, माफी असावी) आता कसा आहे? सकीना मामींचे ब्लडप्रेशर उतरले असेल. इकडे अम्मी ठीक आहे. मी ठीक नाही.

सकाळपासून सहा फोन केले, तुम्ही उचलले नाहीत, म्हणून लिहितो. मी राकेशभाऊंच्या केळी पॅकिंगवर खोक्यांना लेबले लावतो, हे तुम्ही जाणताच. मागच्या महिन्यात भाऊ म्हणाले, "दहावी नापास आहेस, पण अक्षर चांगलं आहे. आखातात धंदा कसा चालतो त्याचा अभ्यास करून दहा पानं लिही." तुम्ही अकरा वर्षे मस्कतला कंपनीत मॅनेजर, म्हणून ईदला तुम्ही जे सांगितले तेच मी मुद्देवार उतरवले. मुद्दा चौथा: तिकडचा माणूस आधी पाहुणचार पाहतो, मग माल. मुद्दा सातवा: दोन्ही हातांनी दिलेली वस्तू तो खाली ठेवत नाही.

काल मस्कतचे एक व्यापारी केळीच्या करारासाठी स्वतः आले. नमुन्याचा एक खोका तयार ठेवायचा होता. परदेशी केळी हिरवीच जातात हे रावेरातल्या शेळीलाही कळते, पण पाहुण्याच्या हातात कच्ची केळी कशी द्यायची? मुद्दा चौथा आठवून मी तो खोका चार दिवस पिकवायच्या खोलीत ठेवला. गाडी दोन तास उशिरा आली, ऊन त्रेचाळीस. मी दोन्ही हातांनी खोका दिला. त्यांनीही मुद्दा सातवा तंतोतंत पाळला, म्हणजे खोका मांडीवर घेऊन तासभर बसले. मग खोक्याचा तळ सुटला.

पांढराशुभ्र जुब्बा होता, मामू. आमच्या केळी धुणाऱ्या पुष्पाबाई त्यांच्या तोंडावरच म्हणाल्या, "हा डाग काही निघत नही, भाऊ."

राकेशभाऊंनी फक्त विचारले, "हे तुला कोणी शिकवलं?" मी तुमचे नाव घेतले नाही. पुस्तकात वाचले म्हणालो (आमच्या घरात पुस्तक नाही हे त्यांना ठाऊक आहे). उद्या दुपारी पाहुणे निघणार. तोवर कराराची सही झाली नाही, तर परवापासून मी कामावर नाही.

तुमचा भाचा,
अल्तमश

ता. क. खरे काम असे. पाहुण्यांची बॅग विमानतळावरच राहिली आहे. ते लॉजवर भाऊंच्या लुंगीत बसले आहेत आणि लुंगीवर सही करणार नाही म्हणतात. त्यांच्या जुब्ब्याच्या गळ्याला जो गोंडा असतो, तो इथल्या एकाही टेलरला जमत नाही.

आणखी एक ता. क. मामींनी फोनवर सांगितले की अकरा वर्षे तुम्ही तिकडे हेच जुब्बे शिवत होता, आणि माझा फोन तुमच्या समोरच वाजतो आहे. मी कोणाला बोललो नाही. पत्र आणणारा टेम्पो दारात उभा आहे, त्यातच या, कात्री घेऊन. इथे मी सांगून ठेवले आहे की माझे मॅनेजर मामू येत आहेत आणि सोबत त्यांच्या ओळखीचा एक शिंपी आहे, फार लाजरा, दार लावूनच शिवतो. राकेशभाऊंनी दोघांचे जेवण सांगितले आहे. दोन्ही ताटे तुम्हालाच संपवावी लागतील.