‘रे’वर अडलेलं गाणं

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बहिणीचं पत्र बघून हसू नकोस. फोनच करणार होते, पण माझं शिवणयंत्र आणि ह्यांचं सलून यांच्यामध्ये फळ्यांची एकच भिंत आहे, आणि बोलायचंय ते ह्यांच्याबद्दलच.

गेला महिनाभर हे एकच धून गुणगुणताहेत. सिनेमातली नाही, रेडिओवरची नाही. कुठून उचललीत म्हणून विचारलं, तर उलट मलाच विचारतात की कुठली धून! आता ती माझ्याही डोक्यात शिरलीय. यंत्राचं पायडल तिच्याच ठेक्यावर चालतं. काल त्या नादात एका शर्टाची कॉलर उलटी बसवली आणि सगळी उसवत बसले. तू जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंस, तर सांग, डोक्यात अडकलेलं गाणं काढायचं कसं?

आणि खरं दुखणं पुढेच आहे. ज्यांच्या गालावर मी कधी खुंट पाहिला नाही, त्या माणसानं दाढी राखलीय. दाढीची गिऱ्हाइकं वेळ नाही म्हणून परत पाठवतात आणि दुपारी फोन घेऊन इमारतीच्या मागे जातात. हा वाचवलेला वेळ जातो कुणाकडे? पुन्हा पुन्हा ऐकवणारं कुणी असल्याशिवाय गाणं असं तोंडात बसत नाही, एवढं मलाही कळतं.

लोभ आहेच, या खेपेला उत्तरही लवकर असावं.

तुझी,
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या गाण्याचं आधी बघू. अर्धवट राहिलेली गोष्ट मन सोडत नाही. आपल्याला तुकडाच येत असतो, पुढचं ठाऊक नसतं, म्हणून मन पुन्हा सुरुवातीला जातं. तेव्हा गाणं एकदा शेवटपर्यंत ऐकावं. ते जमत नसेल तर काहीतरी चघळावं. जबडा गुंतला की मनातल्या मनात गुणगुणणं अवघड होतं. नाहीतर शब्दकोडं घेऊन बसावं. मात्र आठवायचंच नाही असा हट्ट धरू नये, त्यानं ते जास्तच चिकटतं.

जावईबापूंच्या दाढीला माझ्याकडे शास्त्रीय कारण नाही. पन्नाशीला पुरुषांना अशी लहर येते. लगेच राईचा पर्वत करू नकोस. धुनेचे सूर लिहून पाठव, माउथऑर्गनवर वाजवून शेवट शोधून देतो.

कळावे, आणि डोकं शांत ठेवावे.

दादा

१४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दिवसभर च्युइंगगम चघळलं. जबडा दुखायला लागला, आणि माप द्यायला आलेल्या बाईंना वाटलं मी त्यांना वेडावतेय. गाणं आहे तिथेच आहे.

सूर असे: सा ग प, प म ग रे. पुढे सा यायला हवा, तो येतच नाही. रे वर अडतात आणि पुन्हा पहिल्यापासून. मागच्या गल्लीत गाणं शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांना ऐकवलं. त्या म्हणाल्या की ही कुणीतरी घरीच रचलेली दिसते. म्हणजे बघ, जी कोण आहे ती चाली रचणारी आहे!

काल मी ह्यांच्या मागोमाग गेले. कोपऱ्याआडून पाहिलं. फोन कानाला, तोंडातून अवाक्षर नाही, नुसते ऐकत उभे. ती गाते आणि हे ऐकतात. माझं बोलणं असं मन लावून कधी ऐकलंय? तिथेच रडू आलं मला, दादा.

मायेचे चार शब्द लिहावेत.

तुझी,
भिंगरी

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

धून वाजवून पाहिली. तिला शेवट नाही, शोधू नकोस. जावईबापूंशी भांडू नकोस. शब्दकोडी सोडव.

दादा

२२ फेब्रुवारी

ती. दादास,
न. वि. वि.

चार ओळींत पत्र उरकणारा माणूस तू नव्हेस. आणि काल तू ह्यांना फोन केलास, मला नाही. फळीपलीकडून दादा असा शब्द ऐकू आला, मग ह्यांनी सलूनचं दार लावून घेतलं. तुम्हा दोघांचं संगनमत आहे. तुला ती बाई ठाऊक आहे ना?

मी बॅग भरून ठेवलीय. तू खरं सांगितलं नाहीस तर मी घर सोडणार आहे, आणि तुझ्याकडेही येणार नाही.

लोभ उरला असेल तर उत्तर यावं.

भिंगरी

२५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुला सांगणार नाही असा शब्द मी जावईबापूंना दिला होता. तो मोडतोय.

ती धून कुणी बाई गात नाही. तुमच्याकडच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला की थांबून राहायला सांगतात आणि ती वाजते. तेवढाच तुकडा, रे वर संपला की पुन्हा सुरू. तुझी वहिनी तिथे होती तेव्हा मी इथून रोज ती कानाला लावून बसायचो. तुझे सूर माउथऑर्गनवर वाजवले आणि लगेच ओळखले. वहिनी गेल्यावर तीही डोक्यातून गेली असं मला वाटलं होतं. गेली नव्हती.

म्हणून घाबरून त्यांना फोन केला. त्यांचा उजवा हात कापतो. वस्तरा धरवत नाही, गिऱ्हाइकाच्या गालावर नाही आणि स्वतःच्याही नाही. तपासण्या चालू आहेत. बॅग रिकामी कर आणि त्यांच्याजवळ बस.

दादा

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बॅग रिकामी केली. मग पलीकडे जाऊन ह्यांच्याशी कडाडून भांडले, की मला का नाही सांगितलं. मग म्हणाले की माझा संशय त्यांना पहिल्यापासून कळत होता आणि तो त्यांना मोडायचा नव्हता. बायकोनं कीव करण्यापेक्षा संशय घेतलेला बरा. निदान आपल्यावर अजून कुणी भाळेल असं तिला वाटतंय. असं म्हणून त्यांनी उजवा हात खिशात घातला.

काल दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या की गोळ्यांनी कंप कमी होईल, पण पूर्ण जाणार नाही. कात्री चालवता येईल, वस्तरा मात्र ठेवून द्यावा लागेल. ह्यांनी मान हलवली. पुढची वेळ घ्यायला फोन आता मी लावते, त्यामुळे गाणं काही आमच्या डोक्यातून हलत नाही. तुझे उपाय फुकट गेले.

निघताना तिथली एक नर्स ह्यांच्याकडे बघून हसली आणि म्हणाली की असे शांत पेशंट रोज यावेत. मी असे डोळे वटारले की ती बिचारी कागदात तोंड घालून बसली. खरं सांगू, दादा, मला तिचा जराही राग आला नव्हता. पण हे घरापर्यंत ताठ मानेनं चालत आले.

तुझी माया आम्हा दोघांवर राहू दे.

तुझी,
भिंगरी