लंडनच्या वेळेवर वडनेर भोलजी

१ मार्च, रविवार
आजपासून मी परदेशात काम करतो. राहतो वडनेर भोलजीलाच, पण ते तात्पुरतं समजायचं.

बारा वर्षं तालुक्याच्या कोर्टात काळा कोट उन्हात वाळवला. बस्स झालं. लंडनची एक फर्म स्वतंत्र वकील शोधते आहे. घरी बसून त्यांची ॲग्रीमेंट्स तपासायची. फॉर्म भरला होता, काल मेल आला. तीस मार्चला व्हिडिओवर इंटरव्ह्यू, लंडनच्या सकाळी दहाला. म्हणजे काम मिळालंच. इंटरव्ह्यू ही फॉर्मॅलिटी.

संकल्प : घरच्या ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ लंडनच्या वेळेवर लावणे. स्वतः त्याच वेळेवर जगणे. इंग्रजीत विचार करणे. लोकल मॅटर बंद.

पहिला संकल्प लगेच पूर्ण. काटे साडेपाच तास मागं घेतले. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सेल संपले का बे, असं विचारलं. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. सोडून दिलं.

२ मार्च
सकाळी साडेसातला उठलो. (इथला दुपारचा एक.) बायको, संजीवनी, शाळेवर शिकवायला गेलेली. बाबा जेवून ओसरीवर आडवे. लंडनला सकाळ झाली वाटते, म्हणाले. ब्रेकफास्टला पोहे खाल्ले. गार होते. संजीवनीला संध्याकाळी तसं सांगितलं, तर म्हणते पोहे सकाळीच केले होते, सकाळी गरम होते.

४ मार्च
सत्यभामाबाई आल्या. एरवी माझ्या काकू लागतात, पण फाईलवर त्या पक्षकार. विधवा, साडेतीन एकर, माणूस हट्टी. त्यांच्या शेताला जायचा रस्ता शेजारच्या रामरावनं नांगरून टाकला आणि वर काटेरी तार ओढली. तहसीलदारांपुढे केस आहे. वकील मी.

त्यांचं म्हणणं, तेरा तारखा झाल्या, रस्ता काही मोकळा होत नाई. गहू पिकून उभा हाये. हार्वेस्टर आत जाईन कुठून, तुया कोटाच्या खिशातून?

मी शांतपणे समजावलं, की तेरा तारखा मिळणं सोपं नसतं. त्यातल्या नऊ मी स्वतः मिळवल्यात. सर्दी, मेव्हण्याचं लग्न, फाईल घरी राहणे, प्रत्येक वेळी नवं कारण. तारीख घेणं ही वकिलीतली खरी कला आहे. काकूंना कलेचं काही नाही.

चौदावी तारीख तीस मार्च, सकाळी अकरा. इंटरव्ह्यू त्याच दिवशी, पण इथल्या साडेतीनला. दोन्ही आरामात होतं. येतो म्हणून शब्द दिला. काकूंनी माझ्याकडून बाबांच्या डोक्यावर हात ठेवून घेतला. बाबांनी डोकं काढून घ्यायचा प्रयत्न केला.

९ मार्च
लंडनहून नमुन्याचं ॲग्रीमेंट आलं. कुठल्याशा सॉफ्टवेअरचं. चुका दाखवा म्हणाले. दोन पानांच्या कागदात मी अकरा पानं चुका काढल्या. साक्षीदार नाहीत. अंगठे नाहीत. सगळ्यात गंभीर म्हणजे चतुःसीमाच लिहिलेल्या नाहीत. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, नाला कुठून जातो, काही म्हणता काही नाही. उद्या सॉफ्टवेअरवर कोणी अतिक्रमण केलं तर मोजणी कशी करणार?

लंडनवाले हबकले असतील. अजून उत्तर नाही.

१३ मार्च
दुपारी बाराला बँकेत गेलो. बंद. (इथले साडेपाच.) या देशात कामाच्या वेळेला काही शिस्त नाही.

चहाच्या टपरीवर मला पाहून लोक गुड मॉर्निंग म्हणतात. सूर्य मावळत असतो. जळतात बिचारे.

१९ मार्च, पाडवा
गुढी बाबांनीच उभारली. मी आंघोळ करून, सिल्कचा कुर्ता घालून अंगणात आलो तेव्हा ते ती उतरवत होते. हार घालायचा असेल तर पटकन घाल, म्हणाले.

काकू गाठी घेऊन आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, पंजाबचा हार्वेस्टरवाला एक तारखेपर्यंतच गावात हाये, मग तो पिंपळगाव राजाकडे निघते. रोज आभाळ येऊन राह्यलं. एक पाणी पडलं का गहू काळा. मले रातभर झोप नाई. मी म्हटलं, काकू, चिंता करू नका, मी आहे. त्या म्हणाल्या, हाव, त्याचीच चिंता हाये.

नवीन वर्षाचा संकल्प : लोकांचे टोमणे इंग्रजीत भाषांतर करून ऐकणे. तितके लागत नाहीत.

२४ मार्च
रिहर्सल. वर कोट, टाय. खाली बर्म्युडा. कॅमेऱ्यात बर्म्युडा येत नाही, मोजून पाहिलं. आरशासमोर अर्धा तास स्वतःला प्रश्न विचारले. उत्तरं इतकी चांगली आली की मला दोनदा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. संजीवनी वह्या तपासत होती. तिला म्हटलं, एक कठीण प्रश्न विचार. तिनं विचारलं, काकूंची फाईल वाचली का? हा इंटरव्ह्यूत येणारा प्रश्न नाही.

२७ मार्च
विचार केला. सकाळी अकरा म्हणजे लंडनचे पहाटेचे साडेपाच. माणूस पहाटे साडेपाचला तहसीलमध्ये उभा राहून भांडला, तर दहाला त्याच्या तोंडावर तजेला राहील का? महिनाभर कमावलेली झोपेची शिस्त एका रस्त्यापायी घालवायची? आणि रस्ता जातो कुठे? पळून थोडाच जाणार आहे.

२८ मार्च
काकूंना अर्ज टाईप करून दिला : 'अर्जदाराचे वकील परगावी असल्याने पुढील तारीख मिळावी.' खोटं नाही. वकील मनानं परगावीच आहे. इतकंच करायचं, हा कागद द्यायचा आणि पंधरावी तारीख घेऊन यायचं, हे नीट सांगितलं.

त्या भांडतील असं वाटलं होतं. भांडल्या नाहीत. कागदाची घडी केली, पिशवीत टाकली, शेखरबाबू, तुयं चांगलं होवो, म्हणाल्या आणि गेल्या. मला फार वाईट वाटलं. मग लंडन आठवलं आणि बरं वाटलं.

२९ मार्च, रविवार
मोबाईल बिघडला. लंडनची वेळ एक तास पुढं दाखवतो. बंद करून चालू केला, तेच. संजीवनी म्हणाली, एकदा बघून घ्या, तिकडं काही बदललं असेल. वेळ कशी बदलेल? वेळ म्हणजे काय मंत्रिमंडळ आहे? भिंतीवरचं घड्याळ मी स्वतःच्या हातानं लावलंय. मोबाईल कपाटात ठेवून दिला. उद्या डिस्टर्ब नको.

३० मार्च, लंडन सकाळी ९.५५
कोट. टाय. बर्म्युडा. पाणी. बाबांना ओसरीवर खोकू नका म्हणून सांगितलं. तजेला उत्तम.

१०.०५
लिंक उघडली. कोणी नाही. इंग्रज वेळेचे पक्के असतात असं ऐकून होतो. ठीक आहे, आपण मोठ्या मनानं घेऊ.

१०.२५
हसरा चेहरा धरून गाल दुखले.

१०.४०
मेल आलेला होता. आम्ही वीस मिनिटं वाट पाहिली, आपण आला नाहीत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. वेळ पाहिली तर मी कोट घालायच्याही आधीचा.

संध्याकाळ, इथली
संजीवनीनं शाळेतून आल्यावर दोन मिनिटांत शोधून काढलं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडं सगळा देश घड्याळ एक तास पुढं करतो. सगळा देश! न सांगता! एवढं मोठं साम्राज्य चालवलं यांनी, आणि घड्याळ एका जागी ठेवता येत नाही. एक महिना मी यांच्या वेळेवर जगलो, थंड पोहे खाल्ले, आणि हे स्वतःच सरकले.

पण वकील हरत नसतो. ताबडतोब अर्ज पाठवला : 'उमेदवार अचानक आजारी पडल्याने पुढील तारीख मिळावी.' सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला. असे चार कोरे कायम फाईलमध्ये असतात.

३१ मार्च
लंडनचं उत्तर. एक ओळ. पुढील तारीख वगैरे काही नसते, असं.

असं कुठं असतं का? नैसर्गिक न्यायाचं तत्त्व म्हणून काही आहे की नाही?

काकूंचं काल काय झालं ते बाबांकडून कळलं. काकूंनी माझा अर्ज पिशवीतून काढलाच नाही. तहसीलदारांनी विचारलं, वकील कुठं आहेत. काकू म्हणाल्या, लंडनले. मग पदरातून गव्हाच्या चार ओंब्या काढून टेबलावर ठेवल्या. दाणे झडून फाईलवर पडले. म्हणाल्या, साहेब, हे तारीख घेत नाई. फाईलमधला गावनकाशा काढायला लावला, त्यावरच्या तुटक रेघेवर, म्हणजे शेताच्या जुन्या रस्त्यावर, बोट ठेवलं. तो नकाशा पहिल्या तारखेपासून फाईलमध्ये होता. मी कधी उघडला नव्हता. साहेब त्याच दुपारी जागेवर आले, पंचनामा केला, आदेश दिला. रामरावनं तार स्वतः गुंडाळली.

बाबा म्हणाले, तू गेला असता तर पंधरावी तारीख पक्की होती. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कलेची दखल घेतली.

१ एप्रिल
हार्वेस्टरच्या आवाजानं सातला जाग आली. लंडनचे अडीच. भिंतीवर दीड. उठून घड्याळ काढलं आणि इथल्या वेळेवर लावलं. पोहे गरम मिळाले. चव वेगळी लागते.

दहाला काकू आल्या. अंगावर गव्हाचा भुसा, सोबत सिंधूताई. सिंधूताईंच्या शेताचाही रस्ता कोणी अडवलाय. मी कोट घालू लागलो. काकू म्हणाल्या, कोट राहू दे, सिंधू माह्याकडे आली हाये. मले लिहिता येत नाई आन् तुयं अक्षर चांगलं हाये. बस, लिही.

बसलो. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. गट नंबर, चतुःसीमा, अडवलेली जागा, सगळं बरोबर, एक शब्द जास्तीचा नाही. शेवटी हात आपोआप चालला आणि मी लिहिलं, 'तरी पुढील तारीख मिळावी, ही विनंती.'

काकूंनी सगळं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. ती एक ओळ खोडायला लावली.

खोडली.