छबूबाईसाठी निलगिरीचे तेल

१४ ऑक्टोबर १९१८, सोमवार
इन्फ्लुएंझामुळे शाळा बंद. म्हसावदात घरटी एक तरी माणूस अंथरुणावर. आमच्याकडे सौ. छबूबाई. अंग तव्यासारखे, छाती भरलेली. मी घाबरलेलो नाही. अक्षर वाकडे येते ते टाक जुना असल्यामुळे.

वर्तमानपत्रात उपाय सापडला: निलगिरीचे तेल. छातीला चोळावे, वाफेच्या पाण्यात टाकावे, रुमालावर दोन थेंब घेऊन हुंगावे. नंदुरबारच्या दुकानांत बाटली शिल्लक नाही. हरकत नाही. तळोद्याला जंगल खात्याच्या बंगल्यात निलगिरीचे झाड आहे. तेल स्वतः काढणार. एका दिवसाचे काम.

१५, मंगळवार
शेजारच्या दगूबाईला छबूबाईजवळ ठेवून पहाटे गाडीने निघालो. पोतेभर पाला तोडून दलसिंगच्या भट्टीवर. तो डोंगरपायथ्याला रोशा गवताचे तेल काढतो. हंडा दिला, पण म्हणाला, "मास्तर, पाला घर ली जा. पानीमा उकाळ, बाईले वाफ दे." त्याला शास्त्र समजावले. तो विडी ओढत राहिला.

१६, बुधवार
पहिली खेप करपली. पाणी कमी पडले. दोष हंड्याचा.
दुसऱ्या खेपेला तेल आले, पण वास रोशाचा. हंडा आधी घासायला सांगितले होते, असे दलसिंग म्हणतो. मला आठवत नाही.
म्हसावदहून गाडीवान आला. नदीकाठी सात चिता पाहिल्या म्हणाला. कोणाच्या, ते मी विचारले नाही.
छबूबाई आता उठून बसली असेल. बसलीच असेल.

१७, गुरुवार, दुपार
शुद्ध निलगिरी! बाटलीत बोटभर. डोळ्यांत पाणी आले. तेल फारच तीव्र आहे. बूच मला लागेना, दलसिंगने लावले. निघालो.

१८, शुक्रवार
छबूबाई जिवंत आहे. ताप कालच उतरला. दगूबाईने पेज पाजली, पाठ शेकली. अशा अशास्त्रीय उपचारावरून निष्कर्ष काढता येत नाही.

मी बाटली उघडली. छबूबाई म्हणाली, "तीन दिन मी तुमले हाका मारी ऱ्हायनू. दगूबाईच ओ देये."

मी तेलाचे उपयोग सांगू लागलो. सर्दी, सांधेदुखी, डास...

"ऱ्हाऊ द्या ते. बसा आठे."

बसलो. तिने माझा हात धरला. माझ्या हाताला निलगिरीचा उग्र वास, म्हणून तिने तोंड पलीकडे फिरवले. हात सोडला नाही.